वाचकांचे प्रश्न : अर्ध्या घरात लाईट आहे, अर्ध्यात नाही

सगळी लाईट गेली की मला कोणी पत्र लिहीत नाही, लोक बॅटरी शोधतात आणि वाट बघतात. पण अर्धीच गेली की माणूस हैराण होतो, कारण मग दोष आपल्या घरात आहे की बाहेर हेच कळत नाही. या वेळी अशीच पत्रं जास्त आलीयत म्हणून एकत्रच घेतोय. आणि सगळ्यांना मिळून एकच सांगणं, जी लाईट गेलीय तिच्यामागे लागायच्या आधी जी राहिलीय ती कशी चाललीय ते बघा. नेहमीसारखी चाललीय का? की बल्ब जास्तच पांढरा पेटलाय, पंखा रेंगाळतोय, फ्रिज वेगळाच आवाज करतोय? सगळं निदान इथूनच फुटतं.

प्रश्न : काका, आमचं थ्री फेज (तीन जिवंत वायरींचं) कनेक्शन आहे. काल अचानक हॉल आणि किचनची लाईट गेली पण बेडरूममधला पंखा, एसी एकदम व्यवस्थित चालू होता. डीबी (स्विचांची मेन पेटी) उघडून बघितला तर सगळे एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारे छोटे स्विच) वरच. तरी एकेक पाडून परत वर केला, काही फरक नाही. वायरमन दोन दिवसांनी येतो म्हणालाय. तोपर्यंत मी काय बघू शकतो?

उत्तर : बेडरूममध्ये सगळं व्यवस्थित चालू आहे हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं, कारण त्यामुळे न्यूट्रलवरचा, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरीवरचा, माझा संशय बराच कमी झाला. (न्यूट्रल गेला की काय होतं ते पुढच्या ताईंच्या पत्रात येतंय, तेही वाचाच.)

आधी एक स्पष्ट करून घेऊ. डीबी उघडला म्हणजे पुढचं दार उघडलं, एवढंच असू दे. आतली स्क्रूने बसवलेली प्लेट काढायची नाही, कारण मेन स्विच पाडला तरी त्याच्या वरच्या बाजूला मीटरकडून येणाऱ्या वायरी जिवंतच असतात. मेन बंद केलाय म्हणून बिनधास्त हात घालणारे लोक मी पाहिलेत.

आता एक कागद घ्या आणि कुठला एमसीबी पाडल्यावर काय बंद होतं ते लिहून काढा. जे आधीच बंद आहेत त्यांच्यापुढे फुली. तुमच्या डीबीला असं काही लिहून चिकटवलेलं असेल तर तुम्ही भाग्यवान, बहुतेक ठिकाणी पेन्सिलने कधीतरी लिहिलेलं असतं आणि तेही पुसलेलं. फुल्या कुठे पडल्या ते बघा. एकाच एमसीबीवर असतील तर तो एमसीबी किंवा त्याच्या पुढची वायरिंग. पण चार-पाच एमसीबी एकदम मेलेत आणि ते सगळे एकाच गटात, शेजारी शेजारी आहेत, तर एकेका एमसीबीमागे वेळ घालवू नका, त्या सगळ्यांना जिथून एकत्र लाईट येते तिथे घोळ आहे. तुमच्यासारख्या कनेक्शनमध्ये याचे दोनच मोठे संशयित. एक तर त्या गटाचा फेज गेलाय, नाहीतर त्या गटाचा आरसीसीबी पडलाय.

आरसीसीबी म्हणजे करंट कुठे गळला की पडणारा, टेस्टचं बटण असलेला तो जाडा स्विच, बरेच लोक अजून ईएलसीबीच म्हणतात. काही डीबीत असे दोन-तीन असतात आणि एकेकावर थोडे थोडे एमसीबी. त्यातला एक पडला की त्याच्यामागचे सगळे एमसीबी दिमाखात वर दिसतात पण कोणातच लाईट नसते. आणि याला सगळे चुकतात कारण सगळ्यांची नजर बारीक एमसीबींवरून फिरते, या जाड्याकडे जातच नाही. तो पडलेला असेल तर त्याच्या गटातले एमसीबी सगळे खाली करा, मग आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी वर घ्या, ज्याला तो परत पडेल तो गुन्हेगार सर्किट. सगळे एमसीबी खाली असतानाही तो पडत असेल तर कुठेतरी न्यूट्रल आणि अर्थिंग एकमेकांना चिकटलेत असा संशय घ्या, कारण साधा एका पोलचा एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल तसाच जोडलेला राहतो. मग त्या गटातले सगळे प्लग काढून एकदा परत बघा, दोष वायरिंगऐवजी एखाद्या उपकरणातच निघायची शक्यता असते.

एमसीबी रिसेट करायचीही एक पद्धत आहे. ट्रिप झाल्यावर काही एमसीबींचा दांडा पूर्ण खाली येतो, काहींचा मध्येच लटकतो आणि लांबून वर असल्यासारखाच वाटतो. तो आधी जोर देऊन पूर्ण खाली दाबायचा, खट आवाज आला की मगच वर. नुसता वर ढकलला तर बसत नाही.

आरसीसीबी सगळे वर आहेत? मग मीटरकडे जा. बऱ्याच थ्री फेज मीटरवर आर, वाय, बी असे तीन छोटे दिवे किंवा खुणा असतात, एकेक फेजसाठी एक. तिघांपैकी एक विझलेला दिसला तर फेज मीटरपर्यंतच आलेला नाही, म्हणजे खांबापासून मीटरपर्यंत कुठेतरी फ्यूज उडालाय किंवा जोड सुटलाय, आणि ते काम वीज देणाऱ्यांचं, आपलं नाही. शेजाऱ्यांनाही विचारा, त्यांच्याकडेही अर्धंच असेल तर प्रश्नच मिटला. तिन्ही दिवे पेटलेले असतील तर दोष मीटर आणि डीबीच्या मध्ये, म्हणजे मेन स्विच, चेंजओव्हर (लाईट आणि जनरेटर यांच्यात बदल करणारा स्विच) किंवा जुना किटकॅट (चिनीमातीचा, तार घालायचा) फ्यूज असेल तर तो. चेंजओव्हरचे काँटॅक्ट एका फेजचे जळतात आणि बाकीचे चांगले राहतात, हे बऱ्याचदा बघितलंय.

दोन दिवसांत दोन गोष्टी मात्र करू नका. घरात थ्री फेज मोटर असेल तर ती चालू करू नका, दोन फेजवर ती नुसती घुरघुरते आणि वाइंडिंग जळतं, चालू असताना फेज गेला तर ती चालत राहते पण उरलेल्या वायरींतून दीडपटीहून जास्त करंट ओढते. आणि दुसरं, कोणी म्हणालं की मेलेला गट तात्पुरता दुसऱ्या फेजवर टाकून देतो, तर नको म्हणा. एका फेजच्या वायरीवर दोघांचा भार येतोच, शिवाय थ्री फेजमध्ये न्यूट्रलमधले करंट एकमेकांना बरेचसे कापतात, सगळं एकाच फेजवर टाकलं की कापाकापी संपली, सगळी बेरीज न्यूट्रलवर येते.

प्रश्न : आमच्याकडे विचित्रच चाललंय. किचनमधले दिवे मंद झालेत, हॉलमधले एकदम लख्ख. गीझर चालू केला की हॉलमधले आणखी लख्ख होतात. आज टीव्हीच्या बॉक्सचा अ‍ॅडॉप्टर फट्‌ करून गेला. स्टॅबिलायझर घ्यावा का?

उत्तर : ताई, स्टॅबिलायझर राहू दे, हे वाचताय तिथून उठा आणि मेन स्विच पाडा. बाकीचं मग वाचा.

पाडलात? तुमचा न्यूट्रल गेलाय किंवा जाण्याच्या बेतात आहे. अर्धवट लाईट जाण्याच्या सगळ्या प्रकारांत हा एक प्रकार असा आहे की ज्यात अंधार परवडला. बाकीच्या दोषांत जे गेलं ते गेलं, इथे जे चालू आहे ते जळतं.

होतं काय ते सांगतो. थ्री फेजमध्ये फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्ट असतात, पण दोन फेजमध्ये ४०० च्या आसपास. न्यूट्रल शाबूत असतो तोवर प्रत्येक फेज आपापला २३० घेऊन न्यूट्रलमधून परत जातो, कोणाचा कोणाशी संबंध नाही. न्यूट्रल तुटला की परत जायची वाटच संपली, मग एका फेजवरून निघालेला करंट गीझरमधून जातो, मधल्या तुटक्या न्यूट्रलवरून फिरतो आणि टीव्हीमधून दुसऱ्या फेजवर जातो. म्हणजे गीझर आणि टीव्ही न सांगता सिरीजमध्ये लागले आणि दोघांवर मिळून ४०० व्होल्ट. आता हे ४०० सारखे वाटले जात नाहीत. २००० वॅटच्या गीझरचा रेझिस्टन्स साधारण २६ ओहम, १०० वॅट घेणाऱ्या वस्तूंचा साधारण ५२९. तिसऱ्या फेजवर काहीच चालू नाही असं धरलं तर गीझरच्या वाट्याला येतात जेमतेम १९ व्होल्ट आणि त्या १०० वॅटवाल्यांच्या वाट्याला ३८१! म्हणून गीझर लावल्यावर हॉल लख्ख होतो. ज्या फेजवर भार जास्त तिथे व्होल्टेज खाली, जिथे भार कमी तिथे वर. आणि कमी भार म्हणजे कोण, तर एलईडी, राउटर, चार्जर, टीव्ही, म्हणजे घरातली सगळी नाजूक मंडळी.

एका खोलीत काही चालू केलं आणि दुसऱ्या खोलीतला दिवा वर चढला, की दुसरं काही शोधायचंच नाही. साध्या व्होल्टेज ड्रॉपमध्ये दिवे फक्त मंद होतात, लख्ख कधीच होत नाहीत.

सिंगल फेज घरात एकट्या घराचा न्यूट्रल सुटला तर सगळं बंद पडतं, जास्त व्होल्टेज येत नाही. पण सिंगल फेज असूनही तुमच्याकडे बल्ब लख्ख व्हायला लागले, तर न्यूट्रल बाहेर, अनेक घरांच्या सामायिक लाईनवर सुटलाय, आणि मग शेजाऱ्यांनाही हाक मारून मेन पाडायला सांगा. काही ठिकाणी अर्थिंग आणि न्यूट्रल बाहेरून एकाच वायरीतून येतात, तिथे ही वायर सुटली की फ्रिज, वॉशिंग मशीनच्या पत्र्यालाही करंट येऊ शकतो.

तुमच्या घरात बघायची जागा म्हणजे डीबीतली न्यूट्रल लिंक (सगळे न्यूट्रल जिथे जोडतात ती पट्टी), मेनचा न्यूट्रल टर्मिनल आणि मीटरमधून निघालेला न्यूट्रल. पण हे वायरमनने बघायचं, तुम्ही नाही. त्याला फक्त एवढं सांगा की तिन्ही फेजचं न्यूट्रलशी व्होल्टेज भार चालू असताना मोज. तिन्हीकडे २०७ ते २५३ च्या मध्ये यायला हवं. एक १५० आणि दुसरा ३०० दाखवत असेल तर झालं निदान.

माझीच एक फजिती सांगतो. सुरुवातीच्या काळात एका घरी अशीच तक्रार होती, मी दोन एमसीबी बदलले, एक होल्डर बदलला, आणि मीटरने मोजलं तर सगळीकडे छान २३०. कारण मोजताना मी सगळा भार बंद करून ठेवला होता! न्यूट्रल लिंकचा स्क्रू सैल होता, भार नसताना तो पुरेसा टेकत होता, गीझर लागला की सोडत होता. दुपार गेली त्यात. तेव्हापासून मी बिनभाराच्या रीडिंगवर विश्वास ठेवत नाही.

प्रश्न : एका बोर्डवर काहीच चालत नाही पण टेस्टर सॉकेटच्या दोन्ही भोकांत पेटतो. दोन फेज आलेत का?

उत्तर : नाही हो, फेज एकच आलाय, न्यूट्रल तुटलाय. त्या बोर्डवर किंवा त्याच्या पुढे काहीतरी चालू राहिलंय, दिवा म्हणा, चार्जर म्हणा, त्याच्यातून फेज पलीकडे न्यूट्रलच्या वायरीत उतरतो आणि जायला जागा नसल्याने तिथेच बसून राहतो. आपल्याकडे याला रिटर्न येतोय म्हणतात. खात्री करायची तर त्या सर्किटवरचे सगळे प्लग काढा, सगळे स्विच बंद करा आणि परत टेस्टर लावा. न्यूट्रलच्या भोकात आता पेटला नाही की झालं. पण लक्षात घ्या, भार चालू असताना ती न्यूट्रलची वायर फेजइतकीच धक्का देते, आणि स्विच बंद केल्याने न्यूट्रल तुटत नाही.

तुटलाय कुठे? बऱ्याच घरांत न्यूट्रल एका बोर्डवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर असा लूप करत नेलेला असतो. तेव्हा शेवटचा चालू बोर्ड आणि पहिला मेलेला बोर्ड, या दोघांपैकी एकात जोड सुटलेला सापडतो. मेलेल्या बोर्डांत शोधत बसतात आणि चालू बोर्ड कोणी उघडतच नाही, पुष्कळदा दोष तिथेच असतो. अजून एक, जुन्या लाकडी बोर्डांत फेजला एक आणि न्यूट्रलला एक असे दोन फ्यूज असत. न्यूट्रलचा उडाला की अगदी हेच दिसतं, सगळं बंद पण फेज सगळीकडे हजर. तसा बोर्ड अजून असेल तर तो बदलायलाच झालाय.

न्यूट्रल मिळत नाही म्हणून अर्थिंगच्या वायरीवर चालवून घ्या असा सल्ला कोणी दिला तर त्याला चहा न पाजता परत पाठवा. आरसीसीबी असेल तर लगेच पडेल, नसेल तर त्या अर्थिंगला जोडलेली घरातली पत्र्याची प्रत्येक वस्तू धोक्यात.

प्रश्न : डिजिटल मल्टिमीटरने मेलेल्या सॉकेटमध्ये ८६ व्होल्ट दाखवले. म्हणजे कमी व्होल्टेज येतंय का?

उत्तर : ते बहुतेक भुताचे व्होल्ट आहेत. मेलेली वायर पाइपातून जिवंत वायरीला खेटून जाते आणि तिच्यात थोडं व्होल्टेज उमटतं, त्याच्यात दम काहीच नसतो. पण डिजिटल मीटरचा रेझिस्टन्स साधारण १० मेगाओहम, त्यामुळे तो एवढ्याशा उमटलेल्या व्होल्टेजलाही खरं मानतो. नेऑन टेस्टरचंही तसंच, किंचित पेटतो आणि आपण म्हणतो फेज आहे. उलट तुम्ही कोरड्या प्लास्टिकच्या स्टुलावर उभे असाल तर खरा फेज असूनही तो नीट पेटणार नाही, कारण त्याचं सर्किट तुमच्या अंगातूनच पूर्ण होतं.

उपाय म्हणजे भार लावून बघणे. दोन टोकांचा चांगला टेस्टर असतो, जो मोजताना थोडा करंट खेचतो, तो लावला की भुताचे व्होल्ट शून्यावर येतात. जुने वायरमन फिलामेंटच्या बल्बचा टेस्ट लॅम्प वापरतात तेही याचसाठी. फक्त न्यूट्रल गेल्याचा संशय असेल किंवा दोन फेजमध्ये बघायचं असेल तर एक बल्ब चालत नाही, ४०० वर फुटतो, म्हणून ते दोन बल्ब सिरीजमध्ये घेतात. हे तुम्ही घरी करा असं मी म्हणत नाहीये.

प्रश्न : एका खोलीची लाईट इस्त्री लावली की दहा-पंधरा मिनिटांनी जाते, डीबीवर थाप मारली की येते. चालेल का असंच?

उत्तर : नाही चालणार, थाप मारणं आजपासून बंद. जोड सैल झालाय आणि तापतोय. हिशोब बघा, सैल जोडाचा रेझिस्टन्स फक्त अर्धा ओहम धरला आणि त्यातून १० अँपिअर गेले तर त्या एका स्क्रूपाशी ५० वॅट उष्णता तयार होते. सोल्डरिंगच्या मोठ्या इस्त्रीइतकी, बंद प्लास्टिकच्या पेटीत. आणि व्होल्टेज फक्त ५ ने कमी होतं म्हणून दिव्यावर काही जाणवत नाही, एमसीबीही पडत नाही कारण करंट तर जास्त नाहीच. एमसीबी जास्तीचा करंट ओळखतो, सैल स्क्रू ओळखत नाही.

ओळखायच्या खुणा म्हणजे जळक्या माशासारखा किंवा तापलेल्या प्लास्टिकचा वास, बारीक चरचर, एखाद्या एमसीबीचं तोंड शेजारच्यांपेक्षा पिवळट-तपकिरी झालेलं. वायर ॲल्युमिनियमची असेल तर हे जास्तच, ॲल्युमिनियम तांब्यापेक्षा जास्त फुगतं-आकसतं आणि स्क्रूखाली सैल होत जातं. तो एमसीबी पाडून ठेवा, इस्त्री दुसऱ्या खोलीत. वायरमनला सांगा नुसता स्क्रू आवळून जाऊ नको, काळं पडलेलं टोक कापून नवीन सोलून बसव, आणि एमसीबी तापला असेल तर तोही बदल. कार्बन धरलेल्या काँटॅक्टला स्क्रू आवळून काही होत नाही.

प्रश्न : फक्त पंखे आणि दिवे बंद, सगळे मोठे सॉकेट चालू. सगळे एमसीबी, आरसीसीबी वर.

उत्तर : इन्व्हर्टर आहे ना घरात? मग ते पॉइंट इन्व्हर्टरमधून फिरून येतात, लाईट असतानाही. त्याचा मागचा फ्यूज किंवा रिसेटचं बटण बघा, बायपास स्विच (इन्व्हर्टर वगळून थेट लाईट देणारा) असेल तर बायपासला टाका. दिवे आले की डीबीला हात लावायची गरज नाही.

प्रश्न : मी जिथे राहतो तिथे १२०/२४० व्होल्टची पद्धत आहे. निम्मे दिवे मेलेत. गंमत म्हणजे ओव्हन चालू केला की मेलेले दिवे मंद पेटतात. ओव्हन मात्र गरम होत नाही. हे काय?

उत्तर : छान पत्र, तुम्ही स्वतःच टेस्ट करून बसलायत. तुमच्याकडे दोन जिवंत वायरी येतात, प्रत्येकीचं न्यूट्रलशी १२० आणि एकमेकींशी २४०. त्यातली एक गेलीय. ओव्हन दोघींच्या मध्ये लागलेला असतो, म्हणून तो चालू केला की जिवंत वायरीतला करंट ओव्हनच्या कॉइलमधून मेलेल्या बाजूला उतरतो आणि तिकडचे दिवे जेमतेम पेटतात. ओव्हन, ड्रायर, पाण्याचा हीटर असे सगळे दोन पोलचे (दोन्ही जिवंत वायरी एकत्र तोडणारे) ब्रेकर पाडा, मेलेली बाजू पूर्ण काळी झाली की पक्कं. आणि पॅनलमध्ये बघा, त्या पॅनलमध्ये दर ओळीला ब्रेकरमागची लाईट देणारी पट्टी बदलते, त्यामुळे एकाच उभ्या रांगेत एक ब्रेकर मेलेला, त्याच्या खालचा चालू, परत मेलेला असं दिसेल. तसं दिसलं तर दोष एकेका ब्रेकरचा नाही, मेन ब्रेकरचा एक पोल, मीटरचा जबडा (मीटर ज्यात बसतो ती पकड) किंवा बाहेरची वायर. आधी वीज कंपनीला फोन करा, बाहेरचा दोष असेल तर तो त्यांनीच काढायचा. आणि फोन करताना न्यूट्रल गेलेला नाही, एक लेग (म्हणजे एक जिवंत वायर) गेलाय, उरलेल्या बाजूला बरोबर १२० आहेत असं सांगता आलं तर उत्तम, पण ते १२० आधी काहीतरी भार चालू ठेवून मोजा. ते येईपर्यंत दोन पोलचे ब्रेकर खालीच राहू देत.